बेडकांसाठी बाटल्या

नव्वदच्या सुमारास अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी प्रयोगाचे प्राणी सांभाळायचो. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांची डिग्री भिंतीवर होती, पण अक्कल उंदरांपुढे जात नव्हती. बेडूक आले, तेव्हा साहेबांनी त्यांनाही उंदरांच्या कोरड्या पिंजऱ्यात टाकून वर पाण्याच्या बाटल्या लटकवल्या. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, अंगाने शोषतो. बारवी धरणाकडून बेडूक आणणारा म्हातारा म्हणाला, "सायेब, वल्यात ठेवा, नायतर सुकतील."

साहेबांनी त्याला विचारलं, "तू कितवी शिकलास?"

चौथ्या दिवशी बेडूक चामड्यासारखे वाळून मेले. साहेबांनी रजिस्टरात कारण लिहिलं: पाणी उपलब्ध असूनही बेडूक प्यायले नाहीत.