बस यायलीय

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. हे मी भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो, कारण सहाव्या मिनिटाला गावातलं कोणीतरी तेच सांगतं आणि वर काहीतरी जोडतं. गावात मला 'बी.ए.' म्हणतात. "सरका जरा, बी.ए. आले," असं म्हणतात. सरकत कोणी नाही.

आमचं गाव राणीसावरगावच्या पुढं, माळावर. बाहेरच्या माणसानं सुटीत इथं यावं असं इथं काय आहे, हा प्रश्न चुलत्यानं शेतात दोन खोल्या बांधेपर्यंत कोणाला पडला नव्हता. शहरातले लोक आवडीनं शेतात राहायला येतात, चुलीवरची भाकरी खातात, असं तो कुठूनतरी ऐकून आला होता. खोल्या झाल्या, दारात दोन बाजा पडल्या.

पण खरं पणाला लागलं होतं ते चुलतीचं. दर साली दिवाळीच्या तोंडावर ती दोघं ऊसतोडीच्या टोळीत जातात आणि उन्हाळ्यात परततात. टोळीत नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. त्या हिशोबानं चुलती आजवर अर्धा कोयताच होती. नव्या खोलीची फरशी पुसता पुसता ती मला म्हणाली, "पाव्हणे आले तर औंदा टोळीत जायाचं न्हाई. हिवाळ्यात आपलं घर कसं असतंय, ते मला म्हाईतच न्हाई."

एवढं ऐकल्यावर मी जाहिरातीचं पत्रक लिहायला बसलो. ते शुद्ध मराठीत हवं होतं, आणि गावातली सगळी शुद्ध मराठी माझ्याकडंच होती. पाझर तलावाचं मी 'सरोवर' केलं. माळाचं 'पठार' केलं. सीताफळाच्या झुडपांची 'वनराई' झाली आणि चुलतीच्या बेसन-भाकरीचं 'पारंपरिक भोजन'. राहिली प्रवासाची माहिती. मी स्वतः फटफटीवर फिरणारा, बसचं मला ठाऊक नव्हतं. ती मी कॉलेजात शिकवल्याप्रमाणे प्रत्यक्ष जाऊन गोळा केली, म्हणजे पिठाच्या गिरणीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, सावरगावहून आपल्याकडं संध्याकाळची बस हाय का?"

त्यानं तंबाखू मळत सांगितलं, "यायलीय की."

मी घरी येऊन लिहिलं: 'सायंकाळी राणीसावरगावहून थेट बस येते. स्वतःच्या वाहनाची आवश्यकता नाही.'

आमची बोली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. करायलाय, जायलाय, यायलीय हा व्याकरणाप्रमाणे चालू वर्तमानकाळ. बस यायलीय, म्हणजे ती या क्षणी कुठल्यातरी रस्त्यावर आहे, तिला चाकं आहेत, आत कंडक्टर सुट्ट्यावरून भांडतोय. म्हाताऱ्याची बस निराळी होती. तिच्यासाठी गावानं अर्ज केला होता, आणि अर्ज केला त्या दिवसापासून ती यायलीय. अर्जावर पहिली सही माझी होती. शिकलेला म्हणून.

पत्रक मोबाईलवरून फिरत फिरत पुण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंपर्यंत गेलं. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी घरची गाडी विकून टाकलेली, त्यामुळं माझं शेवटचं वाक्य त्यांना फारच आवडलं. नवरात्र संपल्यावर दोघं रेल्वेनं गंगाखेडला उतरली, तिथून बसनं राणीसावरगावला आली. मी तिथंच शिकवणी घेतो. दुपारी चुलत्याचा फोन आला.

"बी.ए., पाव्हणे इस्टँडवर बसलेत. मला इचारायलेत, बस कवा हाय. कोणची बस?"

माझी फटफटी धाकट्या भावानं सासरवाडीला, ताडकळसला नेली होती. मी चालतच गेलो. बाई बाकावर बसल्या होत्या, हातात पत्रकाची घडी. मी नमस्कार केला.

"हे तुम्ही लिहिलंत? ऱ्हस्व-दीर्घ अगदी चोख आहे हो."

माझ्या शुद्धलेखनाची एवढी तारीफ त्याआधी कोणी केली नव्हती. खरं सांगायची ती वेळ होती. पण बाईंनी विचारलं, "आता बसचं काय?" आणि मी आपला म्हणालो, "यायलीय."

मग सुचल्यासारखं करून म्हणालो, त्यापेक्षा जीपनं जाऊ, लवकर पोचू. जीपवाला म्हणाला, "भरली की निघायलोत." आत बारा माणसं बसली की त्याच्या मते ती भरायला सुरुवात होते. आम्ही चौथे, पाचवे आणि सहावा. जीपवाला चहाला गेला. दोन माणसं आली, जीपवाला दिसेना म्हणून ती त्याला शोधायला गेली. बाईंचे यजमान घड्याळ बघत होते. पुढं त्यांनी ते काढून खिशात ठेवलं, आणि तिथून त्यांचा प्रवास बरा झाला.

जीपनं आम्हाला फाट्यावर सोडलं. आतल्या रस्त्यावरची मोरी खचलेली, त्यामुळं पुढं पायी. पत्रकात मी लिहिलं होतं, 'फाट्यापासून पाच मिनिटे'. हे मी चुलत्याला विचारून लिहिलं होतं, आणि चुलता सगळं अंतर फटफटीच्याच हिशोबानं सांगतो. आमच्याकडं पायी चालणाऱ्याच्या वेळेला कोणी वेळ धरत नाही, जे चालतात ते सुद्धा.

अर्धा तास झाल्यावर बाई म्हणाल्या, "पाच मिनिटं संपली की कळवा."

पुढं पाझर तलाव लागला. पाण्यात सात-आठ म्हशी नाकापर्यंत बुडालेल्या.

"हे सरोवर का?"

"हो."

"छान. कमळं जरा काळी आहेत."

यजमान मात्र खूश होते. त्यांनी झुडपातलं डोळे उघडलेलं सीताफळ तोडलं, बांधावर बसून खाल्लं, बिया दस्तीत बांधून घेतल्या. उन्हं कलली होती, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. मी लिहिलं होतं त्यातलं काहीच तिथं नव्हतं, आणि ते चांगलं दिसत होतं. मला राहवलं नाही.

"बाई, बस नाहीये. आजच नाही असं नाही, कधीच नव्हती."

"ते मला स्टँडवरच कळलं," बाई म्हणाल्या. "पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला यायलीय. चौकशीच्या खिडकीत विचारलं, तिथंही यायलीय. मग तुम्ही आलात, तुम्हीही यायलीय. म्हटलं, ज्या बसबद्दल इतक्या लोकांचं एकमत आहे, ती नसणारच."

चुलती पाण्याचा तांब्या घेऊन वाटेपर्यंत आली होती. पाहुण्यांचे धुळीनं भरलेले पाय बघून तिचा चेहरा उतरला. "कोणच्या वाटंनं आणलंस रे ह्यांना?"

"एकच वाट हाय, काकू."

"मंग तूच लांब केली आसशील."

पाहुणे तीन दिवस राहिले. रोज सकाळी चालत निघायचे, दुपारी भाकरीला यायचे. चुलती दर वेळी मला बाजूला घेऊन विचारायची, "नाराज हायेत का?" मला सांगता येत नव्हतं. पुण्याचे लोक नाराज असले तरी आभार मानतात.

निघायच्या दिवशी बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि पत्रक मांडीवर घेतलं. सरोवर खोडलं, वर 'पाझर तलाव, म्हशींसह' लिहिलं. बसची ओळ पूर्ण खोडली. खाली लिहिलं: 'बस नाही. फाट्यापासून सव्वा तास चालावे लागते. ज्यांना चालायचे नाही त्यांनी येऊ नये.'

"असं लिहिल्यावर कोण येणार?" मी म्हणालो.

"ज्यांना चालायचंय ते. आमच्या चालण्याच्या गटातल्या आठ बायका दिवाळीनंतर येतील." मग चुलतीकडं वळून म्हणाल्या, "येतील म्हणतेय मी. येतायत म्हणत नाही."

चुलतीला काळातला फरक कळला की नाही, मला माहीत नाही. ती त्यांना मोरीपर्यंत पोचवायला गेली, आणि परत आल्यावर तिनं माळ्यावरच्या जादा गोधड्या काढून उन्हात टाकल्या.

त्यानंतर आठवड्यानं टोळीचा मुकादम आला. बाजेवर बसला, पाणी प्याला. चुलता एकदम बैलाची वेसण तपासायला उठून गेला. चुलती तूर डाळ निवडत होती, आठ जणींना पुरेल एवढी.

"वहिनी, सोमवारी टॅक्टर निघायलाय," मुकादम म्हणाला. "यायलात न्हवं औंदा?"

चुलतीनं सुपातून मान वर केली नाही. "यायलोत की."

मुकादमानं सुपातल्या डाळीकडं बघितलं. मग दस्तीनं तोंड पुसून म्हणाला, "बरं मंग. दुसरा कोयता बघतो," आणि चपला घालून निघून गेला.

"काकू, तू तर त्याला येतो म्हणालीस," मी म्हणालो.

"येतो कवा म्हणले?" चुलतीनं एक खडा काढून अंगणात टाकला. "ऱ्हाऊ दे, बी.ए. त्याला समजलंय."