ट्रेस शून्यावर होता, तरीही

हा अनुभव मी बरीच वर्षं टाळला. म्हणजे सांगायचं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, नव्हता. सगळा जन्म सॉफ्टवेअरचे बिघाड शोधण्यात गेला. आता वय झालंय, तब्येत ठीक आहे, झोपही लागते... म्हणून लिहितोय.

मी कर्वेनगरला राहतो. नोकरी हिंजवडीत, सपोर्टचा प्रमुख होतो. स्वारगेटजवळच्या एका रक्तपेढीला आमचं सॉफ्टवेअर होतं. बिघाड सापडत नसला की ‘ट्रेस’ चालू करायचा, म्हणजे प्रोग्रॅम आपलं प्रत्येक पाऊल फाइलमध्ये लिहीत जातो. काम झालं की आठवणीने बंद करायचा. नाहीतर फाइल फुगते, डिस्क भरते आणि सगळं ठप्प.

माझ्या हाताखाली राऊत होते, वर्ध्याचे. त्यांची एक पद्धत होती. ट्रेस बंद केला की तिथल्या माणसाला स्क्रीन दाखवायची आणि त्याच्याकडून मोठ्याने ‘बंद’ म्हणवून घ्यायचं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, “सर, घरून निघताना बायको गॅसचं इचारते ना, तसंच हाये हे.”

एकदा मी स्वतःच दुरून ट्रेस चालू केला आणि विसरलो. सुट्टीत डिस्क भरली, रक्तपेढी बंद पडली, पेशंटचे नातेवाईक ताटकळले. चौकशीत, तिथे शेवटचे गेले होते म्हणून ठपका राऊतांवर आला. मी समोर बसलो होतो. बोललो नाही. राऊत नोकरी सोडून वर्ध्याला गेले.

मी निवृत्त झाल्यावर रक्तपेढीतून फोन आला. पिशव्यांची लेबलं छापताना सॉफ्टवेअर मध्येच अडकत होतं. जुना माणूस म्हणून मला बोलावलं. सकाळची वेळ, खिडकीतून छान ऊन, समोर चहा. तिथल्या जोगळेकरबाई म्हणाल्या, “आपण आलात आणि बिघाड पळाला. रोज येऊन नुसते बसाल का?”

मला खरं तर ट्रेस चालू करायचा होता. पण त्या प्रकारानंतर मी कधीच स्वतः ट्रेस चालू केला नव्हता, इतरांना सांगायचो. सेटिंग उघडलं, शून्य होतं — म्हणजे बंद. हात पुढे जाईना. तेवढ्यात प्रिंटर अडकला. सहज फोल्डर पाहिलं, तर ट्रेसची फाइल तयार झालेली आणि माझ्यासमोर वाढत होती!

सेटिंग पुन्हा पाहिलं. शून्यच.

घाबरलो म्हणाल, तर नाही. शेजारी कुणीतरी शांतपणे काम करत बसलंय, असं वाटलं... बरं वाटलं. ओळी वाचत गेलो. एका काउंटरवरचा कॉम्प्युटर प्रिंटर धरून नोंदीची वाट बघत होता, दुसऱ्यावरचा नोंद धरून प्रिंटरची. दोघंही हटेनात. “सापडलं!” मी म्हणालो, आणि फाइल थांबली. शेवटची ओळ देवनागरीत होती.

जोगळेकरबाईंनी वाकून वाचली, “‘बंद’. अहो, तुमचं सॉफ्टवेअर मराठी कधी बोलायला लागलं?”

ऑफिसमधून दुरुस्ती आली, लेबलं धडाधड छापू लागली. नंतर ऑफिसमधल्या मुलांनी सगळा कोड धुंडाळला. त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. सर्व्हर नवा, बाहेरून कुणाला आत येता येत नव्हतं, आणि राऊतांनी तर तो कधी पाहिलाही नव्हता. मला आजही याचं उत्तर माहीत नाही.

त्याच संध्याकाळी राऊतांना फोन लावला.

“सर! काहून आठवण काढली?” तोच हसरा आवाज. “मी पॉलिटेक्निकमध्ये पोट्ट्यायले शिकवतो आता. आधी ट्रेस बंद करणं शिकवतो, चालू करणं मागून.”

मी म्हटलं, “राऊत, ते रक्तपेढीचं...”

“सोडा ना सर. मीच विसरलो असन तेव्हा. आठवत नाही, पण मीच असन. म्हणून तर पोट्ट्यायच्या मागं लागतो.”

इतकी वर्षं हा माणूस स्वतःलाच दोषी धरून होता. सांगायची हीच वेळ होती. आणि मी काय विचारलं — “तिकडे ऊन फार आहे का?”

त्यानंतरही फोन झाले. दर वेळी ते हसतात, आणि मी हवापाण्यावर येतो. ते हे वाचतील की नाही, कोण जाणे.

राऊत, तुम्ही विसरला नव्हता. तो ट्रेस मी चालू ठेवला होता. मला माफ करा.