दाते मास्तरांचा डावा कान

यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणाल तर पालीच्या बल्लाळेश्वराची शपथ घेतो. एखाददुसरा किस्सा सोडून, असं म्हणू. देवाला कशाला अडचणीत आणा!

समुद्राकाठच्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये किस्से साचतात, कारण तिथलं मुख्य काम म्हणजे वाट बघणं. आतला कान कवटीच्या सगळ्यात टणक हाडात बसलेला. ते हाड औषधात ठेवून मऊ करायचं, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं, मग त्याचे अतिपातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघायचे. नुसतं मऊ व्हायलाच आठवडे जातात. तोवर माणसं बोलणार नाहीत तर काय करणार?

*

आमची डॉक्टर शबाना म्हसळ्याची. नांदगावच्या दाते मास्तरांनी देहदान केलं, आणि त्यांचे कान तिच्याकडे आले. मास्तर शेवटी शेवटी बहिरे झाले होते. त्यांच्या बायकोने, दातेकाकूंनी, एकच अट घातली. "वाडीत नारळ पडला की यांना ऐकू यायचं. माझं बोलणं तेवढं नाही. आत काय होतं ते मला दाखवायचं."

शबाना हो म्हणून बसली. उजवा कान काढतानाच तडकला. उरला डावा.

*

म्हणून आधी बोकडावर सराव. मटणवाल्या इस्माईलचाचांकडे कानामागचं हाड मागितलं, तर त्यांनी सुरा थांबवला. "बेटी, डाक्टर झालीस ना? मग चांगला पीस घे की!"

कारण कळल्यावर मात्र चाचा आमचे झाले. गिऱ्हाइकांना सांगायचे, "बोकड तुमचा, कान आमच्या डाक्टरचा."

*

वाट बघून शबाना कंटाळली, तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने सल्ला दिला: माझी आत्या मांदेली आमसुलात मुरवते, काटासुद्धा लागत नाही. दुसऱ्या दिवशी बोकडाच्या हाडाच्या एका बाटलीत आमसुलं! हाड होतं तसंच राहिलं, पण बाटलीत सगळी सोलकढी.

*

मग मास्तरांचा कान मेणात बसवायचा दिवस. आतल्या कानात शंखासारखी वेढ्यावेढ्यांची नळी असते; तो शंख बरोबर कुशीवर ठेवावा लागतो, नाहीतर काप तिरका जातो आणि वेढे दिसतच नाहीत. शबानाने सफाईने ठेवला. मेण गोठलं. आणि ती पांढरीफटक पडली.

चाचा आम्हाला बोकडाचा कायम उजवा कान द्यायचे. उजव्यात बरकत असते म्हणे! तिच्या हाताला उजव्याचीच सवय झाली होती. मास्तरांचा होता डावा.

"मेण आहे, सिमेंट नाही," मी म्हटलं. ठोकळा परत वितळवला, कान कूस बदलून बसवला. शबानाने काप काढले.

वेढे आले. एकावर एक, सगळे.

*

दातेकाकू नांदगावहून आल्या. चष्मा काढून मायक्रोस्कोपला डोळा लावला. शबानाने समजावलं, की खालच्या वेढ्यातल्या पेशी गेल्यात, वरच्या वेढ्यातल्या शाबूत आहेत. अशा माणसाला धप्प आवाज कळतो. बारीक, चढा आवाज आधी जातो.

काकूंचा आवाज पहिल्यापासून बारीक, चढा.

"म्हणजे खरंच ऐकू येत नव्हतं," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, मुद्दाम करतात."

मग कापाच्या काचेजवळ तोंड नेऊन, होईल तेवढ्या जाड आवाजात, मास्तरांना काहीतरी म्हणाल्या.

आमसुलांचा किस्सा मी रचलाय, कबूल. शबाना एवढी भोळी नाही. जाड आवाज मात्र खरा.