दामूअण्णांच्या ठकीचा डावा कान

ज्या माणसानं मला बेचाळिसाव्या वर्षी चित्र काढायला शिकवलं, तो गेला.

त्याला स्वतःला साधं वांगंसुद्धा काढता येत नव्हतं.

दामूअण्णा. मुंबईहून त्यांच्या मुलाचं कार्ड आज आलं. दुकानाबाहेरच्या फळ्यावर मी नेहमी काहीबाही लावतो, तसं हेही लावतोय. शिवायला कापड टाकायला आलात तरी वाचा, नुसते रस्त्यानं चाललात तरी वाचा.

नव्या माणसांसाठी सांगतो. अण्णा तीस वर्षं बंदरावर कारकून. माल उतरला की कुठलं पिंप चेपलं, कुठलं पोतं फाटलं, ते वहीत टिपायचं, हे त्यांचं काम. मग पेन्शन. बायको गेली, मुलगा मुंबईला.

घरात उरली ठकी.

ठकी म्हणजे मांजर. रंगानं राखाडी, स्वभावानं मामलेदार.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित. मशीन थांबली की बाकावरची मंडळी बोलायची थांबतात. म्हणून गप्पा रंगात आल्या की मी बिनदोऱ्याची मशीन चालवत राहतो. (सांगून टाकलं. तुम्ही काही बोलायचे थांबणार नाही, मला ठाऊक आहे.)

तीन वर्षांपूर्वी अशीच मशीन चालवताना ऐकलं. अण्णा शेजाऱ्याला सांगत होते, मुलानं बोलावलंय. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत निघायचं. चाळीतल्या खोलीत मांजर चालत नाही.

"मग फोटो काढून घ्या की तिचा."

"काढला. पाटावर बसवली, तर फोटोत नुसता पाट आला. मांजर पळालं."

आणि मग हळूच, "विसरायला होतं रे. बायकोचा चेहरासुद्धा आताशा आठवावा लागतो."

मी मशीन थांबवली. "अण्णा, मी काढतो चित्र."

"तू? मास्तर, तू आपली पाटलोण शिव."

पालीहून चालत आलो तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आज तीन मशिनी आहेत. मांजर ते काय!

पहिल्या दिवशी टेप घेऊन गेलो. शेपूट, कंबर, गळा. छातीचं माप घेताना ठकीनं माझंच माप घेतलं. हातावर अजून वण आहे.

घरी खाकी कागदावर खडूनं काढलं. बायको म्हणाली, "हे मांजर आहे की मांजराचा सदरा?"

मग शाळकरी पोरांसारखी ड्रॉइंगची पेन्सिल आणली, रबर आणलं. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अण्णांच्या पडवीत. पहिले दहा दिवस कागदावर कुत्रं आलं, घूस आली, एकदा चक्क आमचे मेव्हणे आले.

मग हळूहळू मांजर यायला लागलं.

पंधराव्या दिवशी असं चित्र निघालं की माझं मलाच खरं वाटेना. नेऊन दाखवलं. अण्णांनी चष्मा लावला. कागद उजेडाला धरला.

"छान आहे. कुणाचं मांजर?"

चूक मला तिथे कळली. ठकीचा डावा कान बोक्यानं फाडलेला. उजवा खांदा उतरलेला. मी दोन्ही कान सारखे केले होते, खांदा उचलून दिला होता. मुद्दाम नाही हो. हातच तसा चालतो. अंगातली खोट झाकणं हाच आमचा धंदा. गावातल्या किती उतरत्या खांद्यांत मी कापूस भरलाय ते सांगत नाही. त्यातले दोघं आत्ता हे वाचतायत.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "चांगली पिंपं सगळी सारखीच दिसतात रे. चेपलं, की मग कळतं कुणाचं ते."

बोटीला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा समोर बसले आणि बंदरावर माल टिपून घ्यावा तसं सांगू लागले.

"डावा कान. वरून चीर, अर्ध्या बोटाची. लिही."

"लिहायचं नाय अण्णा, काढायचंय."

"मग काढ! वाद कसला घालतोस? मिशा उजवीकडे तीन कमी. घातलंन मेलीनं चुलीत तोंड."

"आणि पोट?"

"लोंबतं. लोंबू दे."

कान फाटका काढताना माझा हात अडला. चांगलं नवं कापड आपण होऊन फाडावं, तसं वाटलं. पण फाडला.

कागदावरच्या मांजरीनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे रागानं पाहिलं. ठकीच ती!

बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत बसायच्या आधी, गुंडाळी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच उघडली. वारा होता, मी दोन कोपरे धरले.



माझ्याशी नाही, चित्राशीच बोलले. "मेल्ये, परत त्या बोक्याच्या वाटेला गेलीस तर बघ."

मी घरी येईतो शीळ घालत होतो.

त्यानंतर हे खूळ काही सुटलं नाही. पालीच्या एक बाई शेळी घेऊन आल्या, सावर्ड्याहून पोपट आला. शेळीनं तिचं पहिलं चित्र उभ्या उभ्या खाल्लं. आता मी सगळ्यांना आधी विचारतो, "खोट काय आहे?" लोक रागावतात. मग सांगत सुटतात, आणि सांगताना हसतात.

ठकी माझ्याकडेच असते. इस्त्रीच्या कपड्यांवर निजते.

मुलानं कार्डात लिहिलंय, चित्र अण्णांच्या उशाशी भिंतीवर होतं. कान असा का, असं चाळीत कुणी विचारलं की अण्णा सगळं भांडण सांगत. दरवेळी बोका थोडा मोठा होई. शेवटी शेवटी तो वासराएवढा झाला होता.

खाली विचारलंय, "मुलं ठकीला बघायचं म्हणतात. अजून आहे का?"

उत्तर आत्ताच टाकून आलो.

"आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन या. आळीत मांजरं पुष्कळ आहेत, पण कुणाला विचारावं लागणार नाही. मुलं आपण होऊन ओळखतील."

दामूअण्णा, आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.