येळवशीची शर्यत

माणिकप्पा मल्लिकार्जुन, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय शेती व दूध संकलन, सायकल स्वतःची, ब्रेक एक. सदर स्पर्धक तालुका सहकारी दूध संघाच्या विद्यमाने घेण्यात आलेल्या नळदुर्ग ते उस्मानाबाद सायकल शर्यतीत मार्गातच वाहन सोडून भोजनास बसल्याने अपात्र ठरविण्यात येत आहे.

हे माझे आजोबा. शर्यत झाली तेव्हा मी जन्मलो नव्हतो. त्यामुळं मला ती अगदी तपशीलवार ठाऊक आहे. दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर शेतात जमतं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्याशा खोपटात, पाच दगडांचे पांडव पुजले जातात, आणि आंबिलीचा पहिला लोटा संपायच्या आत कुणीतरी शर्यतीचा विषय काढतं.

शर्यतीची तारीख संघात बाहेरून आलेल्या एका साहेबांनी ठरवली होती. कॅलेंडरवर त्यांना नुसती अमावस्या दिसली. त्या दिवशी रस्ता मोकळा असतो, एवढं कुणीतरी सांगितलं. का मोकळा असतो, ते सांगितलं नाही. येळवशीला आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात. आणि बांधावरून जाणाऱ्याला, मग तो कुणी का असेना, जेवायला हाक मारायचीच. न मारणं वाईट, आणि हाक ऐकून पुढं जाणं त्याहून वाईट.

आजोबांना ही शर्यत जिंकायचीच होती. घरी कारण सांगितलं संघाची अब्रू. आजी, शिवम्मा, म्हणाली, "अब्रू संघाची, आन् रोज सकाळी आरशात बघताय तुमी." खरं कारण रस्त्याच्या कडेच्या शेतात होतं. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी सामाईक बैलजोडी धाकट्या भावाला न विचारता विकली होती. तेव्हापासून नागप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते. एकाच बांधाच्या अलीकडं-पलीकडं दोन कोपी पडायच्या, पोरं दोन्हीकडं जेवायची आणि मोठी माणसं एकमेकांच्या धुराकडं बघत बसायची. नागप्पाच्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या पुढं जायचं, एवढंच आजोबांच्या मनात होतं. म्हणजे तो काहीतरी बोलेल. निदान शिवी तरी देईल.

शर्यत सुटली. पहिल्याच वळणावर रानातून हाक आली, "ओ पाव्हणं, आंबील पिऊन जावा!" दोन तरणे गडी तिथंच गळाले. पुढच्या शेतात तीन. शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचा वास रस्त्यावर आला की सायकली आपोआप बांधाला टेकत होत्या. आजोबा घंटी वाजवत, मान खाली घालून पुढं जात राहिले. अशा रीतीनं चोपन्न वर्षांचा माणूस पहिल्या क्रमांकावर आला.

आमचं शेत आलं. नागप्पा बांधावर उभे होते. रस्त्यानं माणूस चाललेला. हाक मारणं भाग होतं.

"ओ पाव्हणं, या जेवायला!"

आजोबांनी पाय टेकून सायकल थांबवली. "पाव्हणं कुणाला म्हणतूस रं?"

"सायकलवाल्याला. वळख न्हाय आपली."

"न्हाय?"

"थांबलात तर करून घिऊ."

आजोबा उतरले. दोघं कोपीत बसले. नागप्पांनी बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा कुस्करून त्यावर भज्जी वाढली आणि पानाकडं बघतच म्हणाले, "बैलं इकताना इचारायला पायजे हुतं."

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हणला असतास."

"व्हय."

"आन् बैलं दावणीला मेली असती."

"व्हय. तरीबी इचारायचं असतंय, अण्णा."

पाच वर्षांनी आलेला हा 'अण्णा' पलीकडच्या कोपीत आजीला ऐकू गेला. ती आंबिलीचं मडकं उचलून बांध ओलांडून आली. "आता जेवा गुमान," म्हणाली, "दोघं बी एकाच मापाची हायसा."

एवढ्यात पंचांची जीप आली. पंच म्हणजे तात्याराव, शाळेत खेळ शिकवायचे. ते रस्त्यावरूनच ओरडले, "माणिकप्पा, उठा! अजून तुमीच पुढं हाय. मागं दूरवर कुणी न्हाय!"

आजोबांनी रस्त्याकडं पाहिलं, मग भावाकडं. नागप्पा खिरीत तूप सोडत होते आणि मुद्दाम वर बघत नव्हते.

"आता उठलो तर पुना पाच वर्सं," आजोबा म्हणाले. "तुमी ल्ह्या काय ल्ह्यायचं ते."

पहिलं बक्षीस तुळजापूरच्या एका पोराला मिळालं. आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलेलं होतं, त्यामुळं वाटेत कुणाचं काहीच खाता आलं नाही. आमच्या शेतात मात्र पुढच्या वर्षापासून एकच कोप पडू लागली. आता आजोबा नाहीत, नागप्पाही नाहीत. पुण्या-सोलापुराहून आम्ही जमतो, आणि कुणाच्या बायकोला भज्जी साधते यावर भांडतो.

अपात्रतेचा शेरा तात्यारावांनी नागप्पांच्या कोपीतच, हात धुतल्यावर लिहिला. भज्जी त्यांनी दोनदा मागून घेतली होती.