तलावातलं देवधान

जवळ सरक गं माय, अशी दुरून दुरून काय वाचतेस माझी चिठ्ठी? किती दिवसांत गावाकडे फिरकली नाहीस तू!

सानगडीच्या बाजारात ऋषीपंचमीच्या आधी एक बाई देवधान घेऊन बसायची. तलावात आपोआप उगवणारं ते धान. नांगर लागत नाही, म्हणून उपासाले चालते. मापटं भरलं की त्यावर फुंकर मारून ती म्हणायची, "तूस वाऱ्याचं, दाणा तुमचा."

आता ऊन लांबते, मग दोन दिवसांत सारा पाऊस कोसळते. कोवळं धान बुडून सडते. मागच्या वर्षी तिच्या फडक्यात जेमतेम दोन मुठी होत्या. मी हात पुढे केला, तर तिनं फडकं मिटलं.

"हे नाही देत बाई. उन्हाळ्यात तलाव आटला का गाळात पेरीन."

"काहून वं? माणसानं पेरलेलं उपासाले चालते का?"

ती हसली. "देव थकला असन, तर त्याले हात द्या लागते ना!"

त्या पंचमीले मी भगर खाल्ली, पण जीव देवधानाच्या त्या तांबूस भातातच होता.

आता पाऊस लागला आहे. उगवलं नसन तर, या धाकानं एकटीनं तलावाकडे जाववत नाही मले. तू ये लवकर. दोघी जाऊन पाहू, उगवलं का.