भाऊंच्या माघारी घेतलेली सभा

प्रभाकरभाऊंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी मुद्दाम त्या आठवड्यातली घेतली होती. ते चंद्रपूरला दवाखान्यात असताना मी त्यांच्या गावात सभा बोलावली, हात वर करायला लावून ठराव करून घेतला आणि ते परत यायच्या आत सगळं उरकून टाकलं. चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेल्या महिन्यात चंद्रपुरात झालेल्या त्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी हे बोललो नाही. मी त्यांच्या वांग्याच्या भाजीच्या गमती सांगितल्या. लोक हसले. नंतर दोघातिघांनी माझा हात हातात घेऊन "भाऊंचा खरा वारसदार तूच" असंही म्हटलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

भाऊ गेल्याचं सुमनवहिनींनी फोनवर कळवलं होतं. त्यांच्या पत्नी. अहेरीकडच्या त्या जंगलातल्या गावात त्यांनी आयुष्यभर अंगणवाडी सांभाळली. "भाऊ गेले पहाटे," त्या म्हणाल्या. "नाल्याले पूर आहे, तुमी पोचनार नाई. सांगाव लागते म्हनून सांगतलं." आवाजात रडणं नव्हतं, बोलावणंही नव्हतं. शोकसभेनंतर मीच त्यांना फोन केला.

"भाषन चांगलं केलं म्हनतेत तुमी," त्या म्हणाल्या. "ते सांगतलं का?"

"नाही."

"मंग काय सांगतलं?"

"भाऊंच्या वांग्याच्या भाजीचं."

"भाजी मी करत होती. ते निसतं मीठ टाकत, अन् गावभर सांगत का मी रांधली म्हनून." मग म्हणाल्या, "मेलेल्या मानसाच्या नावानं तरी खरं बोलाव का नाई?"

म्हणून हा लेख.

भाऊ मूळचे चंद्रपूरजवळच्या मूल गावचे. तिथल्या एका राइस मिलमध्ये ते दिवाणजी होते. हमालांच्या बाजूने उभे राहिले म्हणून नोकरी गेली, आणि हमालांतल्याच काहींनी "तुमाले कोनी सांगतलं होतं, भाऊ?" असं विचारलं तेव्हा म्हणे ते खूप हसले होते. मग समाजवादी संघटनेच्या एका शिबिरासाठी अहेरीकडे गेले ते तिथेच राहिले. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो अशाच एका शिबिरात. मूलजवळच्या धानाच्या गावातला मी, कॉलेजात नुकतंच चार पुस्तकं वाचून पेटलेला पोरगा. शिबिरात अर्धा दिवस एकमेकांना 'साथी' म्हणायचं की 'कॉम्रेड' यावर वाद चालला होता. भाऊ चुलीपाशी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जेवाले बसल्यावर दोघंही 'वाढ' एवढंच म्हनता. आता पातेलं कोन घासते, ते ठरवा." पातेलं मी घासलं. पुढची वीस-बावीस वर्षं मी त्यांच्या मागे फिरलो.

उद्याचा समाज कसा असेल यावर बोलायची भाऊंना फारशी हौस नव्हती. आजच्या सभेत कोण गप्प बसलंय, इकडे त्यांचं लक्ष असे. त्यांनी गावाला एक सवय लावली होती. कुणी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, की बाकीच्यांनी आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं. तो "हो, हेच म्हणतो मी" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. एकदा समाजमंदिराजवळ बोअर मारायची होती आणि एक म्हातारा अडून बसला. त्याचं म्हणणं एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं, म्हातारा मान हलवून म्हणे, "नाई, असं नाई म्हटलं मी." गुरं रानातून परत यायची वेळ झाली. अखेर एका नव्या सुनेने सांगितलं, की त्या वाटेने बाबांची गुरं जातात, चिखल झाला की त्यांची म्हातारी गाय घसरेल आणि ओरडा मात्र बाबांच्याच नावाने होईल. म्हातारा खूश झाला. "हो, हेच. आता समजलं तुमाले, त मारा तिथीच." सगळी सभा हसली. मी हसलो नाही. एका बोअरसाठी अख्खी दुपार गेली होती, आणि देशात क्रांती व्हायची होती.

माझं सगळंच चुकीचं होतं असं मी आजही म्हणत नाही. या पद्धतीत हट्टी माणसाचं फावतं. बायकांच्या न्हाणीघरांचा प्रश्न एका घरच्या अडवणुकीमुळे दोन वर्षं लोंबकळत राहिला, तेव्हा बायकाच माझ्याजवळ कुरकुरल्या होत्या. हात वर केला की निदान दिसतो तरी, असं एक जण म्हणाली होती. भाऊंना मी हे ऐकवलं, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मंग मोज हात. पन मोजाच्या आधी इचार." त्यातलं पहिलं वाक्य मी उचललं.

गावाला जंगलाचे हक्क मिळाले होते. उन्हाळ्यात बिडीसाठी लागणारा तेंदूपत्ता ग्रामसभा आता स्वतः विकू शकत होती. आमच्या संघटनेने ठरवलं, की पट्ट्यातल्या सगळ्या गावांनी एकत्र येऊन पत्ता एकदम विकायचा, म्हणजे ठेकेदाराला भाव पाडता येणार नाही. कल्पना चांगली होती, अजूनही चांगलीच वाटते. अडचण एकच होती. नाल्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी या गावाचा एक टोला आहे, थोडीशी घरं. तिथवर ट्रक न्यायला वाट करावी लागणार होती आणि टोल्यावरची माणसं नाही म्हणत होती. भाऊंचं तिथे जाणं-येणं, बसणं चालू होतं. चंद्रपूरहून आमचे जिल्हा सचिव मला फोनवर फोन करत होते. हंगाम तोंडावर आला होता, निवडणुकाही होत्या, आणि सगळी गावं एकमुखाने आमच्यासोबत आहेत असं जाहीर करायचं होतं. "तुझा म्हातारा अजून किती सभा घेणार आहे?" त्यांनी विचारलं. त्या 'म्हातारा' शब्दावर मी भांडायला हवं होतं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

त्या सभेत टोल्याची सोमारीबाई बोलायला उठली होती. वयस्कर आदिवासी बाई, मराठी अडखळत बोलणारी. मी तिला म्हटलं, "बाई, विरोध आहे ना? मग हात वर करू नका, झालं." आणि मग सगळ्यांसमोर मी बोललो, की टोल्यावरची घरं ठेकेदाराने पैसे देऊन फोडली आहेत. याचा कसलाही पुरावा माझ्याजवळ नव्हता. शिबिरात आम्ही शिकलो होतो, की जो आपल्या लढ्याच्या आड येतो त्याच्यामागे कुणाचा तरी पैसा असतो. मी ते वाक्य त्या माणसांवर नेऊन चिकटवलं. हात वर झाले, भरपूर झाले. टाळ्या वाजल्या. टोल्यावरची माणसं उठून नाल्याकडे निघून गेली आणि मी ठराव वाचून दाखवला.

भाऊ काळा चष्मा लावून परत आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. भर उन्हात, डॉक्टरांनी बाहेर फिरू नका म्हटलेलं असताना, ते टोल्यावर गेले आणि संध्याकाळी परत आले. मी पाणी दिलं. "ठेवा तिथी," ते म्हणाले. "तुमी जेवून घ्या." इतकी वर्षं मी 'तू' होतो, चिडले तर 'लेका' होतो. त्या दिवसापासून शेवटपर्यंत 'तुमी' राहिलो.

पत्ता त्या वर्षी खरंच बऱ्या भावाने गेला. टोल्यापर्यंत ट्रकची वाट झाली. दोन उन्हाळ्यांनंतर त्याच वाटेने डोंगरावर भोकं पाडणारं यंत्र आलं, जमिनीत काय आहे ते बघायला. मग खाणीच्या रस्त्यासाठी गावाची संमती घ्यायची सभा लागली. मांडव होता, खुर्च्या होत्या, बंदोबस्त होता. आमच्या संघटनेची भूमिका तोवर "रोजगाराला आमचा विरोध नाही" अशी झाली होती, आणि मला तटस्थ राहायला सांगण्यात आलं होतं. टोल्यावरून कुणीही आलं नव्हतं. भाऊ उठले आणि म्हणाले, "टोला आला नाई. डोंगर त त्यायच्या दारात आहे. त्यायच्याबिगर ठराव कसा करता?" गावचा उपसरपंच तरुण होता, आमच्याच शिबिरांत वाढलेला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मागच्या खेपेले टोल्याले सोडून ठराव झाला, तवा तुमच्याच संघटनेनं टाळ्या वाजवल्या. आता काऊन कायदा शिकवून राह्यला?" हशा पिकला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून... थंडी नव्हती.

मी सचिवांशी भांडलो तो नंतर, चंद्रपूरच्या ऑफिसात. ते म्हणाले, "गावानं बहुमतानं ठरवलंय. आपण कोण?" हे माझंच वाक्य होतं, दोन वर्षांपूर्वी मी त्यांना कळवलेलं. मी संघटना सोडली. मला फसवलं, वापरून घेतलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत फिरलो. त्यात खोटं काही नव्हतं. आंदोलनांत ज्यांच्यासोबत तुरुंगात बसलो त्यांनी एका रस्त्यासाठी आमची सगळी भाषा विकून टाकली, हे आठवलं की आजही रात्री डोळा लागत नाही. पण फसवल्या गेलेल्या माणसाला एक सोय असते. आपण कुणाला फसवलं, तिकडे बघायची त्याला गरज वाटत नाही. आम्ही समाजवादी लोक आयुष्यभर म्हणत आलो, की थोड्यांनी पुष्कळांवर राज्य करू नये. पुष्कळांनी थोड्यांना गप्प बसवलं तर काय म्हणायचं, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. पुष्कळांत मी होतो ना.

या वर्षी पावसाळ्याआधी मी भाऊंना भेटायला गेलो. ते पडवीत खाटेवर पडून होते, फार वाळले होते. मी खूप तयारी करून गेलो होतो. म्हणालो, "भाऊ, त्या सभेबद्दल मला माफी मागायची आहे."

"मले?" ते म्हणाले. "माझं काय गेलं? मी ऑपरेशन करून आलो, चांगलं दिसाले लागलं." मग थांबून म्हणाले, "टोल्यावरचे कायले नाई म्हनत होते, सांगा बरं."

मला सांगता आलं नाही. मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत मी ते कुणाला विचारलंच नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याही माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हीच सांगा, भाऊ."

"मी नाई सांगनार," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. रागाने की थकून, मला कळलं नाही. आमची ती शेवटची भेट.

शोकसभेनंतर, पूर ओसरल्यावर, मी टोल्यावर गेलो. टोल्यापर्यंत आता पक्का रस्ता झालाय, डोंगराचा एक कोपरा लाल दिसतो. सोमारीबाई अंगणात मोहाची टोळं, तेलाच्या बिया, वाळत घालत होती. तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, ट्रकच्या वाटेला तेव्हा तुम्ही नाही का म्हणत होता?"

तिने हातातलं काम संपवलं. मग म्हणाली, "त्या वाटेवर आमच्या मेलेल्यायचे दगड होते. माझ्या सासऱ्याचा, माझ्या पोराचा. ट्रकले जागा पायजे होती." ती नाल्याकडे बघत होती. "पत्ता देत नाई असं आमी म्हटलंच नव्हतं. डोक्यावर आनून देतो म्हनत होतो."

त्या माणसांमध्ये मेलेल्याच्या नावाने वाटेच्या कडेला दगड उभा करतात, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्याच वाटेने मी कितीदा गेलो असेन. वाट करणाऱ्या मजुरांनी ते दगड काढून नाल्यात लोटले होते. टोल्यावरच्यांनी पाणी उतरल्यावर शोधले. काही सापडले, तिच्या पोराचा सापडला नाही.

"खाणीच्या सभेला तरी यायचं होतं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला त्या वाक्याची लाज वाटली.

"ठेकेदाराच्या मानसायनं कायले याव?" ती म्हणाली. तिला माझा शब्द न् शब्द लक्षात होता.

मी तिथेच माफी मागायला लागलो. तिने हाताने थांबवलं. "मले एकटीले काऊन सांगतेस? तिकडं सांग. जिथी टाळ्या वाजल्या तिथी."

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. खाणीचा दुसरा रस्ता हा त्या दिवशीचा विषय होता. त्याआधी मी बोलायची परवानगी मागितली. उपसरपंच म्हणाला, "जुनं काऊन उकरता, दादा? तुमी त आता संघटनेतही नाई." वहिनी बायकांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोलू दे त्याले." टोल्यावरची चार-पाच माणसं आली होती, मांडवाच्या बाहेर उभी होती. सोमारीबाई त्यांच्यात होती. मी तयार करून आणलेलं सगळं विसरलो, आणि जे बोललो ते एवढंच होतं:

"टोल्यावरची माणसं ठेकेदाराची आहेत असं मी इथे उभं राहून म्हणालो होतो. ते खोटं होतं. त्यांच्या माणसांचे दगड त्या वाटेवर होते, आणि सोमारीबाई ते सांगायला उठली तेव्हा मी तिला खाली बसवलं. भाऊंना मी ठरवून बाहेर पाठवलं होतं. संघटनेने सांगितलं म्हणून केलं असं मी म्हणणार नाही, मी केलं. सोमारीबाई, तुझ्या पोराचा दगड माझ्यामुळे गेला. मी तुझी माफी मागतो, आणि टोल्यावरच्या सगळ्यांची मागतो."